बजरचा रकाना

संपादकांनी फोनवर सांगितलं, "संशोधनातल्या तुमच्या नोकरीतले प्रेरणादायी प्रसंग लिहा." मी तेव्हाच म्हटलं, प्रेरणा हवी असेल तर दुसरं कोणीतरी बघा, माझ्याकडे आहे तो राग. ते हसले, "रागही चालेल." त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग लेख किती लांब असावा यावरून आमची थोडी घासाघीस झाली आणि ती मी जिंकले. अशा लहान लहान घासाघिशी मी नेहमीच जिंकत आलेय.

सहा वर्षं मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांत फिरून लोकांची तोंडं तपासली. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचं तोंडाच्या कर्करोगावर संशोधन चालू होतं, त्यात मी 'क्षेत्र सहायक' होते. हे पदाचं नाव कागदावर. पाड्यांवर मला 'तोंडवाली ताई' म्हणायचे. त्यात माझ्या कामाचा उल्लेख किती आणि माझ्या जिभेचा किती, हे मी कधी विचारलं नाही.

तोंडं पुष्कळ बघितली, पण मला लिहायचंय ते एका बाईच्या डाव्या गालाबद्दल. तो गाल आता नाही. तो वाचला असता का, एवढंच मी विचारत होते, आणि त्याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

या नोकरीआधी माझं आशागडला किराणा दुकान होतं. माझे वडील बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जायचे. करंडीत वर मोठे आणि खाली बारीक चिकू असणार असं म्हणून व्यापारी भाव पाडायचे, आणि मी दहा वर्षांची पोर ती करंडी त्यांच्या पायाशी उलटी करायचे. तेव्हापासून न भांडता काही मिळतं यावर माझा विश्वास उरला नाही. दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. साखर, चहा, साबण, काडेपेटी, आणि हो, तंबाखूही. मुलाखतीला मुंबईहून तिघं आले होते. त्यातल्या एका बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही स्वतः तंबाखू विकता?"

"विकते," मी म्हटलं. "म्हणून तर कुठल्या पाड्यावरच्या कुठल्या घरात काय जातं आणि किती जातं, ते मला तोंडपाठ आहे. बाहेर बसलेल्या बारा मुलींपैकी एकीला तरी आहे का, विचारा."

मला घेतलं. दुकान मी दिराच्या हाती दिलं आणि तंबाखू बंद करायला सांगितलं. त्याने दोन महिन्यांत ती पुन्हा ठेवली. आम्ही अजून बोलत नाही.

काम कसं असतं ते सांगते. टॉर्च, लाकडी पट्टी, दोन लहान आरसे आणि हातमोजे. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. आधी ओठ बघायचे, मग दोन्ही गाल आतून, मग हिरड्या, जीभ, जिभेखालची जागा आणि शेवटी टाळू. पांढरा डाग दिसला तर पट्टीने पुसून बघायचा. भाताचा किंवा दुधाचा असला तर निघतो. निघाला नाही तर नोंद करायची. लाल डाग पांढऱ्यापेक्षा वाईट. डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं, कारण डागाची कड मऊ लागते की कडक, हे फक्त बोट सांगतं. तोंड किती उघडतं ते बघायला माणसाला स्वतःचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगायचं. तिन्ही गेली तर ठीक. त्यानंतर एका नळीत लाळ घ्यायची आणि एक लहानसा ब्रश गालावरून फिरवून त्याला लागलेल्या पेशी औषधाच्या बाटलीत बुडवायच्या. नळीवर आणि बाटलीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. बर्फाच्या पेटीत घालून सगळं त्याच दिवशी मुंबईच्या प्रयोगशाळेत.

लाळ मागणं हे भीक मागण्यापेक्षा अवघड असतं. उधव्याच्या एका म्हाताऱ्याने नळी हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितली.

"मुंबईत येवढी मानसं हायत. सगळी थुकतात. तिकडची नाय चालत?"

"तिकडची स्वस्त आहे, बाबा. तुझी महाग."

"मंग काय देशील?"

"चहा."

"थुकायच्या आधी का मागून?"

"मागून. आधी दिला तर नळीत चहाच येईल."

त्याने नळी भरून दिली, आणि चहा अर्धाच भरलाय म्हणून कप परत केला. मला तो माणूस फार आवडला.

तलासरीला हायवेवर एक टेम्पोवाला स्वतःहून आला. तक्रार काय, तर पाणीपुरी खाता येत नाही. पुरी ओठांतून आतच जात नव्हती. गुटखा खाऊन खाऊन गाल आतून दोरखंडासारखे ताठ झाले होते. तीन बोटं सोडा, दीड जात होतं. "ताई, लग्न ठरलंय. आजपासून गुटखा बंद करतो, तुम्ही तोंड उघडून द्या." मी त्याला सांगितलं की बंद केलास तर आणखी मिटणार नाही, पण मिटलेलं पुरतं उघडायचं नाही. तो म्हणाला, "मग बंद करून फायदा काय?" आणि गेला. माझ्याशी सौदा मोडून गेलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

बोर्डीला एक बागायतदार भेटले. कडक इस्त्री, अंगणात झोपाळा. "आम्हाला कसलंही व्यसन नाही. जेवणानंतर पान, तेवढंच."

"पानात काय असतं?"

"पानात काय, जे असतं ते."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो ताई, दिवसातून जेवणं किती होतात, ते पण लिहून घ्या!"

हे सगळं हसायला बरं आहे. पण माणूस आपल्या तोंडातल्या गोष्टीला काय नावाने हाक मारतो, यावर आमचं सगळं काम उभं होतं, आणि हे मुंबईत कोणाला पटवता आलं नाही.

जानकी उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावर राहते. माझ्याच वयाची. थोडं भात, बाकीचे दिवस वाड्यांवर मजुरी. पहिल्यांदा गेले तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती, आणि मी फॉर्म उघडला तरी हात थांबवले नाहीत. आमचा फॉर्म टॅबवर होता. एकेक प्रश्न विचारायचा, 'हो' किंवा 'नाही' वर बोट ठेवायचं.

"तंबाखू खातेस?"

"नाय."

"विडी?"

"आदमी वडतो."

"मिश्री लावतेस?"

"ती काय असतं?"

"म्हणजे व्यसन कुठलंच नाही?"

"व्यसन कवा करू, बाय? येळ कुठाय?"

आणि कमरेला लुगड्यात पत्र्याची एक डबी खोचलेली.

"मग हे काय?"

"बजर."

"अगं, ती तंबाखूच ना?"

"येडी काय तू? ती दातांची. तंबाखू मानसं खातात."

बजर म्हणजे तंबाखूची काळपट, बारीक पूड. शब्द गुजराती, हद्दीपलीकडून आलेला, आणि आमच्या पाड्यांवर पुडीसकट रुळलेला. बायका सकाळी बोटाने दातांना घासतात आणि मग तशीच गालात धरून कामाला लागतात. दुपारी पुन्हा. मी स्वतः ती वर्षानुवर्षं विकली होती. माझ्या दुकानातही कोणी बाई तंबाखू मागायची नाही, बजरच मागायची. मुंबईच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं 'मिश्री'. पुणे-साताऱ्याकडच्या बायका मिश्री लावतात, म्हणून सगळ्या महाराष्ट्राने मिश्रीच लावायची.

मी डोकं चालवलं आणि जानकीच्या नावापुढे 'मिश्री - हो' केलं. त्या आठवड्यात अशा बऱ्याच बायकांना मिश्री लावून टाकली. मला वाटलं झालं काम.

आमच्याकडे फेरतपासणीची पद्धत होती. दर काही घरांमागे एका घरी मुंबईहून एक मुलगी फोन करायची आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायची. तिने विचारलं, "मिश्री लावता का?" पाड्यावरून उत्तर गेलं, "नाय." दुसऱ्या घरी नाय, तिसऱ्या घरी नाय. पंधरा दिवसांत माझ्या नावाने लेखी समज आली: माहितीत फेरफार. खाली नियम छापलेला, की समोरच्या व्यक्तीने दिलेलं उत्तर जसंच्या तसं नोंदवावं, क्षेत्र सहायकाने स्वतः अर्थ लावू नये. माझ्या सगळ्या 'हो' चं त्यांनी 'नाही' करून टाकलं. दोन ओळी लिहून ठेवायला टॅबला समासही नव्हता.

प्रकल्पाचे प्रमुख महिन्यातून एकदा डहाणूच्या केंद्रावर यायचे. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. मी ती समज त्यांच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी बजरची पुडी ठेवली.

"सर, एक रकाना घाला. बजर. तीन अक्षरं."

"कल्पनाताई, फॉर्म समितीने मंजूर केलेला आहे. मध्येच बदलला तर आधीची माहिती आणि नंतरची माहिती जुळणार नाही."

"आता तरी कुठे जुळतेय?"

"अहो, बजर मिश्रीतच येते."

"येते ना? मग मला मिश्रीवर खूण करू द्या."

"त्या नाही म्हणाल्या तर नाहीच लिहायचं. आपण त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत."

"शब्द कुठले घालायचेत? तोंडात आहे तेच लिहा म्हणतेय!"

मी टेबलावर हात आपटला. पुडी फुटून त्यांच्या कागदांवर सांडली. माझा स्वभाव तसा आहे, मी तो लपवत नाही. सरांनी शांतपणे कागद झटकले आणि एकदम दुसरंच काढलं. तोंडात डाग सापडलेल्यांना दातांच्या डॉक्टरांकडे डहाणूला यावं लागायचं. पाड्यावरून चालत फाट्यावर यायचं, एसटीची वाट बघायची, आणि परतीची गाडी चुकली तर बाई घरी कशी जाणार? म्हणून निम्म्या बायका यायच्याच नाहीत. गाडी द्या म्हणून मी वर्षभर मागे लागले होते.

"गाडी मंजूर करून घेतो," सर म्हणाले. "पण हा रकान्याचा विषय आज इथे संपला. पुन्हा काढायचा नाही."

मी मनात तोलून बघितलं. गाडी पाड्यावर येऊन उभी राहते, दिसते, तिच्यात माणसं बसतात. रकान्याचं काय? टॅबवरची एक रेघ. डाग तर मी डोळ्यांनी बघणारच होते, आणि डॉक्टरही बघणार होत्या. मी गाडी घेतली. वर अट घातली की ड्रायव्हर आमच्या भागातलाच हवा, आणि तीही मान्य झाली म्हणून दिवसभर खुशीत होते.

गाडी फुकट गेली असं कोणी समजू नये. तिच्यामुळे कितीतरी जण वेळेवर डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत पोचले. डाग लहान असतानाच निघाले आणि ती माणसं आज चटणी-भाकर खातात. पण जानकीही त्याच गाडीत बसून गेली होती.

तिच्या डाव्या गालात नखाएवढा पांढरा डाग मला दिसला होता. मी तिला डहाणूला आणलं. खुर्चीजवळ डॉ. मेघना होत्या. वयाने लहान, हाताला चपळ, कामात हुशार. जानकीने डॉक्टरकडे जायचं म्हणून मीठ आणि कोळसा घेऊन तोंड लख्ख घासलं होतं. डबी घरी ठेवली होती. डॉक्टरांनी आधी टॅब बघितला: सवय, नाही. मग तोंड बघितलं. डागासमोरच्या दाढेला टोक आलं होतं, ते गालाला घासत होतं. असं घासूनही पांढरा डाग पडतो आणि तो साधा असतो. तंबाखूची सवय नाही, समोर टोकदार दाढ, म्हणजे डाग घासण्याचाच. पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. त्यांनी दाढेचं टोक घासून गुळगुळीत केलं आणि म्हणाल्या, "आता बरं होईल. वर्षाने दाखवा." सवय लिहिलेली असती तर तीन महिन्यांनी बोलावलं असतं, बहुतेक तुकडा काढून तपासलाही असता.

मी टॉर्च धरून शेजारी उभी होते. त्या वेळी मी काय केलं ते पुढे सांगते.

वर्ष भरायच्या आधीच, भातं पिवळी पडायला लागली होती तेव्हा, जानकी मला उधव्याच्या बाजारात दिसली. तिच्याबरोबरची बाई भजी खात होती आणि ही कानावर हात दाबून उभी होती. म्हणाली, तिखट झोंबतं, आणि आता डाव्या कानात ठणका लागतो. गालातल्या दुखण्याने कान दुखतो, हे मला सहा वर्षांत कळलेलं होतं. तिथेच मिरच्यांच्या ढिगाशेजारी तिला खाली बसवलं, मोबाइलची बत्ती लावली आणि बोट घातलं. डागाच्या जागी खड्डा होता आणि त्याची कड पुठ्ठ्यासारखी कडक लागली.

तुकडा काढायला ती घाबरत होती, कारण सुरी लागली की आजार पसरतो असं पाड्यावर सगळे म्हणतात. मी पाया पडले, शिव्या दिल्या, शेवटी तिच्यासोबत तिच्या जावेलाही गाडीत घातलं. तुकडा काढला. रिपोर्ट आला. मी जाऊन सांगितलं की मुंबईला चल, ऑपरेशन करावं लागेल.

"कापणी होऊ दे," ती म्हणाली. "पंधरा दिस."

"चार."

"चार दिसांत भात कोन कापंल? तू येतस इळा घेऊन?"

"येते."

"तुझी बोटं बघ. इळा हसंल तुला."

"सहा दिवस. आणि बायका मी गोळा करून देते."

"बारा."

"दहा. त्याच्या पुढे एक दिवस नाही, सांगून ठेवते."

"दहा," ती म्हणाली, आणि दोघींनी मान हलवली, करंडीचा भाव ठरावा तशी. परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं की मी कसली घासाघीस करून आले होते. ज्या आजाराशी ती करायला हवी होती तो या सौद्यात नव्हताच. तो तिच्या गालात होता, आणि त्याने एक दिवसही सोडायचं कबूल केलं नव्हतं.

मुंबईत तर तारीख आणखी लांबची मिळाली. तिथे तारखा देणाऱ्या बाईंशी मी तीन दिवस भांडून ती अलीकडे आणली. ऑपरेशनमध्ये डावा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढला, छातीचं कातडं-मांस वर ओढून तिथे शिवलं. मग सहा आठवडे किरणं दिली. त्याने तोंड आतून सोलवटतं, नाकातल्या नळीने दूध-पेज द्यावी लागते. जानकी जगली. आता ती मऊ भात बोटाने दाबून खाते. डावीकडचे ओठ मिटत नाहीत, पाणी पिताना गळतं, म्हणून हातात कायम एक फडकं असतं. तुकडा वेळेवर काढला असता तर नुसता डाग निघून गेला असता का? मला वाटतं, हो. डॉक्टर लोक म्हणतात, असं सांगता येत नाही.

त्यानंतर आढावा बैठकीसाठी आम्हाला मुंबईला बोलावलं आणि आधी प्रयोगशाळा दाखवली. मोठमोठे फ्रीज, दार उघडलं की वाफ बाहेर येते. आत खणांमध्ये माझ्याच अक्षरात नंबर घातलेल्या नळ्या. उधव्याच्या म्हाताऱ्याची थुंकीही तिथेच कुठेतरी असणार. एका संशोधक मुलीने मोठ्या कौतुकाने एक खण दाखवला. "हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा गट. कसलीही सवय नसताना तोंडात डाग झालेल्या स्त्रिया. यांच्यात एखादा विषाणू आहे का, जनुकांमध्ये काही वेगळं आहे का, ते शोधतोय."

मी वाकून नंबर वाचले. बहुतेक तलासरीकडचे. तिसऱ्या ओळीत जानकीचा.

बैठकीत तोच गट पडद्यावर आला, रंगीत खांब लावून. सर बोलत होते. मी उभी राहिले आणि ओरडले, "सर, यात विषाणू नाही, बजर आहे! मी पुडी आणून तुमच्या टेबलावर ठेवली होती!" पुढे मी बरंच बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर त्यांनी त्या बायकांकडे पुन्हा चौकशी करवली. गट कोसळला. अहवालात एक वाक्य आलं की क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी सवयींची नोंद योग्य प्रकारे न केल्यामुळे हा गट विश्लेषणातून वगळण्यात आला. माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. नव्या टप्प्याचा फॉर्म मला एका जुन्या सहकारी मुलीने दाखवला. त्यात आता 'बजर' आहे, स्वतंत्र रकाना. कोणी सुचवला विचारलं तर तिला माहीत नव्हतं.

मी रुग्णालयाला चार पानी पत्र लिहिलं. समज दिली ती तारीख, सरांशी झालेलं बोलणं, फेरतपासणीचे फोन, सगळं लिहिलं. जानकीचं साक्षीला नाव घातलं आणि अंगठा घ्यायला पाड्यावर गेले. ओट्यावर बसून तिला सगळं वाचून दाखवलं. ती फडकं तोंडाशी धरून ऐकत होती. तिचे शब्द आता अर्धे ओठांतून सांडतात, नीट कान द्यावा लागतो.

"खुर्चीकडं तू व्हतीस," ती म्हणाली.

"होते."

"बत्ती तुझ्याच हातात व्हती."

"होती."

"तुला बजर म्हायती व्हती. मंग बोलली का नाय?"

मी तिला खरं ते सांगितलं. त्या सकाळी मी हॉलमध्ये बायकांना मोठ्याने नंबर सांगत होते, आणि डॉ. मेघना सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आवाज खाली. हा बाजार नाही." ते मला इतकं लागलं होतं की त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं मी ठरवलं होतं. त्यांनी टॅबवरचं 'नाही' वाचलं तेव्हा मला कळलं होतं की चूक होतेय. मनात म्हटलं, विषय संपलाय ना तुमचा? मग संपला. विचारतील तर सांगेन. त्यांनी विचारलं नाही.

"रुसली व्हतीस?"

"हो."

"तू तिच्यावर रुसलीस आनि गाल माजा गेला." तिने फडक्याने हनुवटी पुसली. आवाज चढवला नव्हता. "ह्ये कागदात नाय लिवलंस."

"नाही."

"अंगठा पायजे?"

"पाहिजे."

"मंग लिव."

"जानकी, ऐक. ते लिहिलं तर ते लोक तेवढंच धरतील. बाकीचं सगळं बाजूला राहील."

"लिव."

"शेवटी एका ओळीत लिहिते. नुसतं, की मी तिथे हजर—"

"आता मला बोललीस तसं लिव. रुसली व्हतीस त्ये पन. नायतर अंगठा नाय."

मी आणखी तीन-चार तऱ्हेने बोलून बघितलं. ती एक पाऊल मागे आली नाही. शेवटी पाचवं पान घेतलं आणि लिहिलं. तिने माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं, मधे एका ठिकाणी 'पुन्हा बोल' म्हणाली, आणि मग अंगठा लावला.

उत्तर यायला बरेच महिने लागले. एकच ओळ होती: आपल्या पत्रातील क्षेत्रीय त्रुटीच्या कबुलीची नोंद घेण्यात आली आहे.

मी तो कागद घेऊन तशीच उधव्याला गेले. आता माझी पाळी होती. म्हटलं, "बघ, सांगत होते की नाही? हेच होणार होतं!" ती अंगणात भाताची पेज गार करत बसली होती. तिने मला दम खाऊ दिला.

"माजं काय लिवलंय त्यात?"

"काही नाही."

"नाव?"

"नाही. नंबरही नाही."

तिने ताटली खाली ठेवली, फडक्याची कोरडी बाजू शोधून ओठ पुसला आणि नीट कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश म्हणाली, "मंग परत लिव. आता मला आधी लिव. तुजं मागून."